तुझे दहा, तुझा क्रम

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची यादी, दोन्ही सावकाश वाचलं. आजवर पाहिलेल्यांतले सर्वांत आवडते दहा चित्रपट तू निवडलेस आणि त्यांचा क्रम बरोबर लागलाय का, असं मला विचारलंस. क्रमाचं नंतर बोलू. आधी मला काय खटकलं ते सांगतो. यादीत 'सिटिझन केन' पहिला आणि 'व्हर्टिगो' दुसरा आहे. या दोघांबद्दल तुझ्या चार पानी पत्रात अवाक्षर नाही. दीड पान मात्र तू 'श्वास'वर लिहिलं आहेस. आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून कोणालाही न सांगता निघून जातात, त्या भागाबद्दल तर भरभरून. आणि नेमका 'श्वास'च यादीत नाही. कारण काय, तर तो या मोठ्या नावांच्या पंगतीत शोभणार नाही.

हे ठरवलं कोणी?

जगातल्या श्रेष्ठ चित्रपटांच्या ज्या यादीचा तू एवढा धाक घेतला आहेस, ती तयार कशी होते ते एकदा बघ. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं 'साइट अँड साउंड' हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्या कौलात 'बायसिकल थीव्ज' अव्वल आला, तेव्हा तो पडद्यावर येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. आज तो पहिल्या दहात नाही. १९६२ ते २००२ असे सलग पाच कौल 'सिटिझन केन'ने जिंकले. २०१२ मध्ये 'व्हर्टिगो' वर गेला. २०२२ मध्ये शांताल आकरमान यांचा १९७५ सालचा 'जान डिएलमन' पहिला आला. एक बाई बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण आवरते, हे तीन तासांहून जास्त वेळ दाखवणारा चित्रपट. आधीच्या कौलात तो पस्तिसाव्या नंबरच्या आसपास होता. दहा वर्षांत त्या चित्रपटातली एक चौकटही बदललेली नाही. बदलले ते मत देणारे. २०१२ मध्ये ८४६ जणांनी मतं दिली होती, २०२२ मध्ये सोळाशेहून अधिक जणांनी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मत देणाऱ्याला क्रम लावावाच लागत नाही. प्रत्येकाने दहा नावं द्यायची, दहाही नावांना सारखंच एक मत. श्रेष्ठ कशाला म्हणायचं तेही त्याच्यावरच सोडलेलं असतं. चित्रपटाच्या इतिहासात महत्त्वाचा, कलेच्या दृष्टीने उंच, की आपल्या आयुष्यावर परिणाम करणारा, हे ज्याचं त्याने बघायचं. सगळ्यांची बेरीज झाली की नंबर पडतात. 'केन'ला अमुक नंबर द्या असं कोणा एका माणसाने मनापासून म्हटलेलं असेलच असं नाही. तू मात्र ती बेरीज उचललीस आणि स्वतःची आवड म्हणून पाठवलीस.

या याद्या वाचाव्यात, जरूर वाचाव्यात. काय बघायचं राहिलंय ते त्यांतून कळतं. मलाही 'टोकियो स्टोरी' या जपानी चित्रपटाचा पत्ता अशाच एका यादीतून लागला. म्हातारे आईवडील मुलांकडे राहायला येतात, मुलांना सवड नसते, म्हणून त्यांना अतामीच्या गरम झऱ्यांवर पाठवून देतात आणि तिथे रात्रभर बाहेरच्या गोंगाटाने दोघांना झोप लागत नाही. यादीने मला दारापर्यंत नेलं. आत जे मिळालं ते माझं मी मिळवलं.

आता 'श्वास'. तू स्वतःच एक शंका काढली आहेस: तुझ्या आजोबांच्या शेजारी बसून पाहिला म्हणून तो आवडतो, की चित्रपट म्हणून? शंका रास्त आहे. उत्तर एकच, आता एकट्याने पुन्हा बघ. कोकणातल्या त्या म्हाताऱ्याला शहरातल्या हॉस्पिटलात काय काय झेलावं लागतं ते बघ. नातवाला डोळ्यांचा कॅन्सर आहे आणि त्याचा जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, हे त्याला आधी नीट समजतही नाही. समजल्यावर पटत नाही आणि पटलं तरी ते पोराला सांगायचं कोणी, हा प्रश्न उरतोच. डॉक्टर चांगले आहेत, तरी घाईत आहेत. ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि म्हातारा पोराला घेऊन निघून जातो. तो परत आल्यावर डॉक्टर त्याच्यावर चिडतात तेव्हा आपण कोणाच्या बाजूने असतो? मी प्रत्येक वेळी दोघांच्याही बाजूने असतो. दिग्दर्शक संदीप सावंत यांनी दोघांनाही खोटं पडू दिलेलं नाही, आणि हे करायला फार अवघड आहे. दुसऱ्यांदा पाहतानाही तुला असंच काही सापडलं, तर आजोबांची आठवण ही वरकड मिळकत समज आणि चित्रपट बेधडक यादीत घाल.

पुरस्कारांचा आधार मात्र घेऊ नकोस. 'श्यामची आई'ला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीकडे पुन्हा यायला 'श्वास'पर्यंत पन्नास वर्षं लागली. अभिमानाची गोष्ट आहे, पण तिच्या जोरावर चित्रपट यादीत आला तर ती आवड पुन्हा उसनीच झाली.

क्रम लावूच नये, कलेत कसली आली स्पर्धा, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मी क्रमाच्या बाजूचा आहे. नुसते दहा आवडते सांगण्यात सगळ्यांना खूश ठेवता येतं. क्रम लावायला बसलास की दोन आवडत्यांपैकी एकाला खाली बसवावं लागतं आणि का, ते स्वतःला सांगावं लागतं. ते कारण शोधताना जे कळतं त्यासाठी मी क्रम लावतो. दहाचे दहा एकदम समोर घेऊ नकोस. दोन-दोन घे.

तुझ्या यादीत 'फँड्री' पाचवा आणि 'कोर्ट' सहावा आहे, म्हणून तीच जोडी घेतो. दोघांत तुलना करण्यासारखं खूप आहे. नागराज मंजुळे आणि चैतन्य ताम्हाणे, दोघांचेही हे पहिले पूर्ण लांबीचे चित्रपट. वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने आपल्यापुढे आले. दोन्ही जातीबद्दल आहेत आणि दोघांची बघायची तऱ्हा पार उलटी. 'फँड्री'त डुक्कर पकडायला जब्या या शाळकरी पोराचं अख्खं कुटुंब धावतंय, शाळेची पोरं हसताहेत, डुक्कर हाताशी आलेलं आहे आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. त्या क्षणी आपण हसतो आणि हसल्याची लाज वाटते. मग ते डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई यांची चित्रं दिसतात, आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो. मंजुळे प्रेक्षकाला सुटू देत नाहीत.

'कोर्ट'मध्ये कॅमेरा दूर उभा राहतो आणि तिथून हलत नाही. शाहीर नारायण कांबळे यांच्या एका गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप, आणि तारखांवर तारखा. ज्या सरकारी वकीलबाई शाहिरांना आत ठेवण्यासाठी भांडतात, त्या संध्याकाळी लोकलने घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाक करतात. त्यांच्याविषयी राग धरावा तर धरवत नाही. शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात आणि आपण अंधारात तसेच बसून राहतो. वाटतं, संपला. पण चित्रपट न्यायाधीशांच्या मागोमाग सहलीला जातो. ते बाकावर डुलकी काढताहेत, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. त्यावर एक शब्दही कोणी बोलत नाही.

मी 'कोर्ट' वर ठेवतो. 'फँड्री' पाहताना कुठे बघायचं हे मला दिग्दर्शक सांगतो आणि ते बरोबरच सांगतो. 'कोर्ट'मध्ये ते मला शोधावं लागतं आणि दर खेपेला चौकटीच्या वेगळ्याच कोपऱ्यात काहीतरी सापडतं. चित्रपटाने माझ्यावर काम सोपवावं, हे मला आवडतं, हे मला ही जोडी लावताना स्पष्ट झालं. तू 'फँड्री' वर ठेवला आहेस. त्याचं कारण दोन ओळींत लिही. तो दगड तुला लागला असेल, त्या गावातलं काही तुझ्या ओळखीचं असेल, तर तुझा क्रम माझ्यासाठी सोळा आणे खरा. माझ्यामुळे तो बदलू नकोस.

गाण्यांच्या बाबतीत जपून. आपल्याकडे गाणी चित्रपटापासून सुटी होऊन घरात राहायला येतात आणि मग गाण्यावरचं प्रेम चित्रपटाच्या खात्यात जमा होतं. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांच्या चाली असलेली 'जैत रे जैत'ची गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांतल्या किती जणांनी जब्बार पटेलांचा तो १९७७ सालचा चित्रपट पाहिलाय? पाहावा असाच आहे तो. पण यादीत घालण्याआधी गाण्यांमधला चित्रपट आठवतो का, ते स्वतःला विचार.

तुझ्या दहांत विनोदी एकही नाही, याचं मला वाईट वाटलं. 'अशी ही बनवाबनवी' तू किती वेळा पाहिला आहेस ते मला ठाऊक आहे. हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली गोष्ट, पण १९८८ साली सचिन, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी तिला जो वेग दिला तो त्यांचा स्वतःचा. तीस-पस्तीस वर्षांनंतरही ज्याचे संवाद घराघरांत म्हटले जातात, त्याला गंभीर यादीत जागा का नसावी? तो पहिल्या दहात बसत नाही असं तुलनेअंती ठरलं तर ठीक. भीड वाटली म्हणून गाळलास तर नाही ठीक.

दुसरं टोकही टाळ. एक जपानी, एक इराणी, एक मूकपट, एक कृष्णधवल, असं आरक्षण ठेवून यादी भरू नकोस. मूकपट बघितले नसशील तर पुढच्या वर्षभरात बघ, आवडला एखादा तर तो आपोआप आत येईल. आणि मूकपटांच्या बाबतीत तर आपला हात आधीच बांधलेला आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. सावकारापायी जमीन गमावून शहराकडे गेलेला शेतकरी, त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. भारतीय चित्रपटातल्या वास्तववादाची सुरुवात लोक तिथून मोजतात आणि आज तो मूकपट कोणालाच पाहता येत नाही, कारण तो उरलेला नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'ही अर्धामुर्धाच हाती आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं १९६४ मध्ये, तोवर मूकपटांचा बहुतेक सगळा ठेवा गेला होता. त्या संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जी रिळं गोळा केली, त्यांतून जे वाचलं त्यातलंच आपण निवडतो. म्हणून यादीच्या डोक्यावर तारीख घाल. अमुक दिवसापर्यंत मला जे बघायला मिळालं त्यातले हे दहा, एवढंच तिचं म्हणणं असावं.

एक वही कर. मोबाइलवर चित्रपटाला द्यायच्या चांदण्या नकोत, वहीच. चित्रपट कुठे पाहिला, कोणाबरोबर, मोठ्या पडद्यावर की लॅपटॉपवर, आणि मनात राहिलेला एक प्रसंग. प्रसंग म्हणजे कथासार नव्हे. 'पथेर पांचाली'बद्दल "दुर्गा मरते" असं लिहिलंस तर ती माहिती झाली. तिचा बाप हरिहर परत येतो, मुलीसाठी आणलेली साडी पुढे करतो, आई सर्वजया ती तोंडात धरून कोसळते आणि तिचा हंबरडा ऐकू न येता तारशहनाई वाजते, हे लिहिलंस तर तू तो पाहिलास. यादीला बसण्याआधी वही बाजूला ठेवून प्रत्येक चित्रपटाचे असे दोन-तीन प्रसंग आठवून बघ. आठवेना तर तो चित्रपट तूर्त बाहेर. कितीही मोठा असला तरी. 'केन'चंही हेच. तो तुला मनापासून आवडत असेल तर खुशाल पहिला ठेव, पण तसं एका प्रसंगावर बोट ठेवून मला सांग.

नवी यादी करण्याआधी 'संत तुकाराम' बघून घे, तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणजे राहिला असणार. दामले-फत्तेलाल यांचा, प्रभातचा, १९३६ चा. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पागनीसांचे तुकोबा तर आहेतच, पण तू गौरी या नटीने केलेली जिजाई, तुकोबांची बायको, बघ. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा अभंगांत गुंग, आणि ही बाई पोराला ओढत देवळात जाते, हातात चप्पल घेऊन विठोबाला जाब विचारते. पडद्यावरचा अभिनय म्हणून तू ज्यांची नावं घेतोस त्यांच्याशेजारी तिला उभी कर आणि मग कोण कुठे बसतं ते ठरव.

घाई नाही. दिवाळीपर्यंत पाठवलीस तरी चालेल, फक्त प्रत्येक नावापुढे त्या दोन ओळी हव्यात.

तुझा,
सर