जिंकगोचे भाऊबंद कुठे गेले?

प्रश्न : स्मरणशक्तीच्या गोळ्यांच्या खोक्यावर जिंकगोचे नाव वाचले. पुस्तकांत या झाडाला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणतात. कोट्यवधी वर्षांत ते खरोखरच बदललेले नाही का? त्याचे भाऊबंद कुठे गेले? पन्हाळ्याच्या कातळात त्याच्या पानाचा ठसा सापडू शकेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे : तशी आशा धरू नये. पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे बनलेले आहेत, माथ्यावरचा जांभाही त्याच बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेला आहे, आणि पानाचा ठसा टिकायचा तर तळ्यात किंवा नदीकाठी साचलेला बारीक गाळ लागतो. भारतात जिंकगोच्या कुळातील पानांचे ठसे मिळाले आहेत ते झारखंडमधील राजमहाल टेकड्यांत, तेथील लाव्हाच्या थरांमध्ये सापडणाऱ्या गाळाच्या खडकांत.

आता ‘न बदललेले झाड’ या समजुतीकडे वळू. पावसाळ्यात ओल्या दगडी भिंतींच्या भेगांत हंसराज उगवतो, त्याच्या पर्णिकेसारखेच जिंकगोचे पान पंख्याच्या आकाराचे, मात्र तिच्यापेक्षा कितीतरी मोठे असते. ते उजेडासमोर धरले, तर देठाकडून निघालेली प्रत्येक शीर पुढे दुभंगत जाताना दिसते; पिंपळाच्या पानावर असते तशी शिरांची जाळी तिथे नसते. ही ठेवण ज्युरासिक काळातील ठशांतही ओळखू येते, आणि समजूत रूढ झाली ती त्यामुळेच. परंतु चीनच्या हनान प्रांतात यिमा येथे मिळालेल्या सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीच्या जिंकगोची पाने खोलवर चिरलेली होती आणि त्याचे प्रत्येक बीजांड, म्हणजे ज्यातून पुढे बी तयार होते तो भाग, स्वतंत्र देठावर होते. लिआओनिंग प्रांतातील सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मात हे स्वतंत्र देठ नाहीसे झालेले आढळतात, आणि आजच्या झाडात एका लांब दांड्याच्या टोकाला बहुधा दोनच बीजांडे असतात, त्यांतलेही पुष्कळदा एकच पक्व होते. म्हणजे बदल झाला. तो पानापेक्षा बीजाच्या मांडणीत अधिक झाला, आणि तिकडे सहसा कोणी पाहत नाही.

प्राचीनपणाची खरी खूण मात्र डोळ्यांना दिसत नाही. जिंकगोच्या नर पेशी पोहत जाऊन बीजांडातील अंडपेशी गाठतात. बीजे धारण करणाऱ्या आजच्या वनस्पतींत ही सोय जिंकगो आणि सायकसचा (ताडासारख्या दिसणाऱ्या, फुले न येणाऱ्या झाडांचा) गट यांच्यातच उरली आहे. टोकियोत हिरासे साकुगोरो यांनी १८९६ मध्ये या पोहणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

भाऊबंदांचा पसारा मोठा होता. अरुंद फाट्यांत चिरलेल्या पानांचा बाएरा आणि स्फेनोबाएरा, अर्जेंटिनात प्रथम सापडलेला, दाट गुच्छात बीजांडे धरणारा कार्केनिया, यिमाच्याच खडकांतील यिमाइया अशा अनेक प्रजाती ज्युरासिक आणि त्यानंतरच्या क्रेटेशियस काळांत दोन्ही गोलार्धांत पसरल्या होत्या. पुढे सपुष्प वनस्पती झपाट्याने वाढल्या. जिंकगो प्रामुख्याने नदीकाठच्या, पुराने वारंवार मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर वाढत असे, आणि लवकर फुलणाऱ्या, लवकर बीज धरणाऱ्या नव्या झाडांनी नेमकी तीच जागा बळकावली, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते, कारण जिंकगोला बीज धरायलाच वीस-तीस वर्षे लागतात. त्यात हवामान थंड होत गेले. आधी उत्तर अमेरिकेतून आणि नंतर युरोपातून हे झाड नाहीसे झाले.

उरली ती एकच जाती, तीही चीनमध्ये. पूर्वेकडील तिआनमू पर्वतावरची जुनी झाडे रानटी की बौद्ध भिक्षूंनी लावलेली, हा वाद बराच काळ चालला. नैर्ऋत्येकडील दालोऊ पर्वतातील झाडांत मात्र जनुकीय विविधता अधिक आढळल्याने हिमयुगांत या झाडाला तिथे आसरा मिळाला असावा, असे संशोधक मानतात. आपल्याकडे प्रत्यक्ष झाड पाहायचे असल्यास डेहराडून-मसुरीच्या बाजूला जावे लागेल, कारण त्याला हिवाळ्यात चांगली थंडी लागते.