अमेरिकेतल्या लष्करी तळावर ऑटो स्किल्स सेंटरमध्ये स्वतः ब्रेक पॅड बदलता येतात का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकन आर्मीत नवे आहात, जुन्या होंडा सिव्हिकचे पुढचे ब्रेक करकरतात आणि बॅरॅकच्या पार्किंगमध्ये गाडी खोलू देत नाहीत. सेंटरमध्ये बदलता येतात, आणि पहिलीच वेळ असेल तर तिथेच बदला.

खडकीचं ५१२ आर्मी बेस वर्कशॉप मात्र डोळ्यांसमोर आणू नका. तिथे सैन्याची सामग्री दुरुस्त होते. हे सेंटर सैनिकांच्या खाजगी गाड्यांसाठी असतं आणि एमडब्ल्यूआर, म्हणजे सैनिकांच्या कल्याणाचं खातं, ते चालवतं. एअर फोर्सवाले त्यालाच ऑटो हॉबी शॉप म्हणतात. बे, म्हणजे एक गाडी उभी करून काम करायची जागा, तासाच्या भाड्याने मिळतो, लिफ्टवाला महाग, सपाट स्वस्त. आयडी देऊन अवजारं घ्यायची. लिफ्टला हात लावण्याआधी सुरक्षेची माहिती घ्यावी लागते. बंद बूट हवेत. दर आणि वेळा तळागणिक वेगळ्या, त्यामुळे आधी फोन करा.

पार्ट मात्र बे घेण्याआधीच हातात हवेत. एकाच वर्षाच्या सिव्हिकमध्ये डिस्कचे (पॅड जिला चिमटतात ती चाकामागची तबकडी) दोन-दोन आकार निघतात, म्हणून दुकानात मॉडेल न सांगता व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, द्या. पॅड चुकीचे निघाले तर गाडी लिफ्टवर लटकलेली आणि भाडं चालू, अशी गत होते.

चाकाचे नट (१९ एमएम गोटी, म्हणजे सॉकेट) गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. लिफ्टच्या हातांवरचे टेकू गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावा. गाडी वीतभर उचला, हलवून बघा, मग वर न्या आणि शेवटी लिफ्टच्या लॉकवर टेकवा. चाक काढल्यावर पॅड दाबणारा कॅलिपर दिसतो; त्याचा खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर उघडतो. पूर्ण काढलात तर तारेने टांगा, होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळू देऊ नका. होज आतून फाटतो आणि बाहेरून कळतही नाही.

डिस्कही बदलणार असाल तर खरी कुस्ती इथे आहे. सिव्हिकची डिस्क दोन स्क्रूंनी हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) धरलेली असते आणि ते गंजून बसतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावला की डोकं गुळगुळीत होतं, मग ड्रिल मारत बसा. काउंटरवरून हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि ३ नंबरचा फिलिप्स बिट मागा, दोन-चार ठोक्यांत सुटतात. तरीही डिस्क हलेना? तिच्यावरच्या दोन आटेदार भोकांत ८ एमएमचे (१.२५ पिच) बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा; डिस्क आपोआप बाहेर येते. हबवरचा गंज वायर ब्रशने घासा, नाहीतर नवी डिस्क वाकडी बसते आणि ब्रेक मारताना पेडल थरथरतं. जुनीच ठेवायची असेल तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी मायक्रोमीटरने पडताळा.

नवे जाड पॅड मावावेत म्हणून कॅलिपरमधला पिस्टन सी-क्लॅम्पने हळू आत दाबा. तेव्हा ब्रेक ऑइलच्या टाकीवर लक्ष ठेवा, ते उतू गेलं तर रंग सोलून काढतं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनना सिलिकॉनचं ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिन अडकते आणि एकच पॅड झिजतं. नव्या डिस्कवरचं संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसा.

चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने, म्हणजे शेजारचा सोडून समोरचा असे, टॉर्क रेंचने ८० फूट-पाउंडला (१०८ न्यूटन-मीटर) आवळा. एअर गनने आवळायचा मोह टाळा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. पहिल्या दाबाला ते थेट तळाला जातं आणि गाडी समोरच्या भिंतीवर आदळू शकते. ५० मैलांनी नट पुन्हा तपासा.

मागचे पॅड वेगळं प्रकरण आहे. २०१६ नंतरच्या बहुतेक सिव्हिकमध्ये पार्किंग ब्रेक इलेक्ट्रिक आहे, आधी तो मेंटेनन्स मोडवर न्यावा लागतो. त्याआधीच्या डिस्कवाल्यांत पिस्टन दाबायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो.

पहिल्यांदा तीन तास धरा, आणि बंद व्हायच्या वेळेआधी अर्धा तास आवराआवरीला ठेवा. आणि हो, हात बसला म्हणून दोस्तांच्या गाड्या पैसे घेऊन तिथे करू नका, धंदा करायला मनाई असते.