सगळ्यांनी लावलं म्हणून

प्रश्न : काका, आमची सांगोला तालुक्यात साडेतीन एकर जमीन आहे. दोन एकर डाळिंब. तेल्या रोगामुळे खर्च जाऊन हातात फारसं उरत नाही. आमच्या वस्तीवर अकरा जणांनी बागा काढून ड्रॅगन फ्रूट लावलंय. वडील म्हणतात, आपणही यंदा दोन्ही एकर काढून पोल उभे करू, कर्ज मिळतंय. मी म्हटलं, आधी चौकशी करू. तर पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, "सगळे येडे अन् तू एकटा शहाणा का?" तेव्हापासून बोलायचं धाडसच होत नाही. माझंच चुकत असेल का?
— एक वाचक

उत्तर : तू निदान तोंड उघडलंस. अशाच वेळी मी गप्प बसलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००९ साली मी पशुधन पर्यवेक्षक होतो आणि आमच्या भागात इमू आला होता. ऑस्ट्रेलियातला माणसाएवढा उंच पक्षी, अंडं गडद हिरवं, अर्ध्या किलोच्या आसपास. तेल औषधी, मटणात चरबी कमी, कातड्याला मागणी, असं जो तो सांगायचा. माझ्या थोरल्या भावाने पिलांच्या सहा जोड्या घ्यायचं ठरवलं. विकणारा अंडी परत विकत घेण्याची लेखी हमी देत होता. जनावरांत जन्म गेलेल्या माझ्या मनात तेव्हा एकच साधा प्रश्न आला होता : हे मटण आपल्याकडे खातं कोण? पण गावात आधीच नऊ शेड उभ्या होत्या, त्यातली एक शाळेच्या मुख्याध्यापकांची. मला वाटलं, सरांनी सगळं बघितलं असेल. प्रश्न मनातच राहिला.

पहिल्या हंगामात अंड्यांचे पैसे खरंच मिळाले. त्या अंड्यांतून पिलं काढायची आणि ती नव्या शेडवाल्याला विकायची, असा तो व्यवहार होता. म्हणजे जुन्याचे पैसे नव्याच्या खिशातून येत होते. मटण आणि तेल घेणारं गिऱ्हाईक जवळपास नव्हतंच. नव्या शेड थांबल्या तशी अंडी पडून राहिली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत इरोड जिल्ह्यात तर हजारो पक्षी उपाशी राहिले आणि सरकारी खात्याला त्यांच्या खाद्याची सोय करावी लागली. आमच्याकडे भाऊ फुकट न्या म्हणत होता, तरी कुणी नेईना. दीड वर्ष तो त्या पक्ष्यांना विकतचं खाद्य घालत राहिला.

पुढे एकदा सरांशी बोलणं झालं. ते म्हणाले, "तुमच्या खात्यातली माणसं गावात येत-जात होती. कुणी काही बोललं नाही, म्हणून मी निर्धास्त होतो." ते माझ्या गप्प बसण्यावर विसंबले होते आणि मी त्यांच्या शेडवर. त्या गावात येडं कुणीच नव्हतं रे. चौकशी दुसऱ्याने केली असेल, असं प्रत्येक जण धरून चालला होता.

आता तुझ्या ड्रॅगन फ्रूटचं. त्याला इमूच्या रांगेत बसवू नकोस. हे फळ लोक खातात, कमी पाण्यावर येतं, गुजरात सरकारने २०२१ मध्ये त्याला 'कमलम' नावही दिलं. शेजाऱ्याचं बघून लावणं दरवेळी चूक नसतं. डाळिंबाचा भगवा वाण तसाच बांधोबांध पसरला आणि त्यावर कित्येकांची घरं उभी राहिली. मग बागेला बाग लागली आणि तेल्यालाही पसरायला रान मोकळं मिळालं, हे तू भोगतोच आहेस.

तेव्हा चौकशी कशाची करायची? तुमच्या अकरा जणांपैकी प्रत्यक्ष माल विकलेले किती, ते आधी बघ. ज्यांचं फळ अजून धरलेलंच नाही, त्यांच्या सांगण्याला अनुभव म्हणता येणार नाही. ज्यांनी विकला त्यांच्या आडतीच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, माग आणि तोडणी, भाडं, हमाली वजा जाऊन हातात काय पडलं ते मांड. दुसरं, हे फळ साधारण जून ते नोव्हेंबर या काळात येतं. तुमच्या वस्तीचा सगळा माल त्याच महिन्यांत, त्याच बाजारात उतरणार. पहिल्याला मिळालेला भाव बाराव्याला मिळेलच असं नाही, कारण त्याच्या पुढे अकरा जण उभे आहेत. हा हिशेब पारावर कुणी करत नाही, कारण तिथे प्रत्येक जण पहिल्याचाच भाव सांगतो. तिसरं, हे मेथीचं पीक नव्हे की नाही जमलं तर पुढच्या महिन्यात नांगर घातला. सिमेंटचा पोल, वर रिंग, पोलला चार रोपं, ठिबक. सगळा खर्च सुरुवातीलाच आणि बाग पंधरा-वीस वर्षांची. त्यावर कर्जाचे हप्ते लगेच सुरू होणार असतील तर पहिलं पीक येईपर्यंत ते कुठून भरायचे, हे बँकेत जाण्याआधी कागदावर हवं.

माझं मत विचारशील तर यंदा तेल्याने सर्वात जास्त गेलेली वीस गुंठे काढा आणि तेवढ्यावरच लावून बघा. बाकीच्या बागेसाठी सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात वडिलांना घेऊन एकदा जाऊन ये.

आणि हे वडिलांशी पारावर बोलू नकोस. चार माणसांत त्यांना आपला शब्द धरून ठेवावाच लागतो. रात्री जेवणं झाल्यावर, ओट्यावर दोघंच असताना पट्ट्या त्यांच्या हातात दे आणि बेरीज त्यांनाच करू दे.