वाचता येतं, पण कळत नाही: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार बाई, आम्ही कळव्याला राहतो. माझी मुलगी नववीत आहे, सेमी इंग्लिश. मराठी वाचते एकदम फास्ट, कुठे अडखळत नाही. पण कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, उतारा आला की मार्क जातात. चौकटी, आकृतिबंध बरोबर भरते, पण 'का' विचारलं की जागा कोरी, आणि स्वमतात तर उताऱ्यातल्याच ओळी उतरवून येते. क्लासचे सर म्हणाले रोज दोन उतारे सोडवा. दिवाळीपासून सोडवतोय, काही फरक नाही. आमचं काय चुकतंय?

उत्तर: ताई, चुकतंय असं नाही, पण मेहनत दुसरीकडेच जातेय. चौकट भरायला ओळ शोधली की झालं. 'का'चं उत्तर बहुतेक वेळा ओळीत नसतंच, ते दोन ओळींच्या मधे असतं आणि तिथे स्वतः डोकं घालावं लागतं. नुसते उतारे वाढवून ती शोधण्यातच आणखी पटाईत होईल, बाकी काही नाही.

वर्गात मी मुलांना एक छोटा उतारा देते, माझाच लिहिलेला आहे. 'पाच वाजले तसे आजोबांनी खिडकीतून हात बाहेर काढून पाहिला आणि पायात घातलेल्या चपला परत काढून ठेवल्या. आज कठडासुद्धा ओला असेल, कोण येतंय तिकडे, म्हणत ते टीव्हीसमोर बसले.' प्रश्न एकच, आजोबा रोज कशासाठी बाहेर जात असतील? निम्मी मुलं लिहितात 'उताऱ्यात दिलेलं नाही'. एका मुलीने लगेच सांगितलं, बाई, ते तलावपाळीला मित्रांबरोबर बसायला जातात. तलावपाळी म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाचा काठ. मी म्हटलं तलावपाळी कुठे लिहिलंय गं? तर म्हणाली, नाही लिहिलं, तलावपाळी मी माझ्या मनाने म्हटलं, पण कठडा आहे ना, आणि 'कोण येतंय' म्हणजे रोज कोणीतरी येत असणारच. तिने अंदाज कुठला आणि पुरावा कुठला हे वेगळं करून दाखवलं, मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्याच वर्गात एक मुलगा ठाण्यात नवीनच आलेला, त्याला कठडा म्हणजे घराच्या गॅलरीचा वाटला, त्यामुळे त्याचे आजोबा घरातच राहिले. वाचनात तो कुठेच कमी नव्हता, त्याने फक्त मासुंदा तलावाच्या काठी संध्याकाळी बसलेली माणसं पाहिलेली नव्हती.

यावर एक जुना प्रयोग आहे. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोघी संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या मॅचचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं, ही वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. आपल्याकडे क्रिकेटचं वर्णन दिलं तर काय होईल ते तुम्हीच बघा घरात. म्हणून मुलीला नुसते उतारे नका देऊ, विषय द्या. खाडीवर, मिठागरांवर, पक्ष्यांवर, कशावरही, पण एका विषयावरचं चार-पाच ठिकाणचं पंधरा दिवस वाचू दे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट मिळतात, तिथून सुरुवात करा.

दुसरं म्हणजे बारीक शब्द. 'त्याने पुस्तक दिलं', 'त्यानेच पुस्तक दिलं', 'त्यानेही पुस्तक दिलं', 'त्याने पुस्तकच दिलं'. चारही वाक्यं तिला मोठ्याने वाचायला लावा आणि प्रत्येकाच्या मागे काय घडलं असेल ते विचारा. 'ही' आला म्हणजे आधी अजून कोणीतरी दिलंय. 'पुस्तकच' म्हणजे दुसऱ्या कशाची तरी अपेक्षा होती. फास्ट वाचणारी मुलं नेमकं हेच गिळतात, आणि 'तरीही', 'मात्र', 'म्हणूनच' हेसुद्धा, मग लेखकाचं म्हणणं उलटं फिरलेलं त्यांना कळतच नाही.

स्वमतासाठी एकच नियम करा. उतारा वाचला की वही उलटी ठेवायची आणि तुम्हाला पोळ्या करताना तोंडी सांगायचं, त्यात काय होतं आणि तिला काय पटलं नाही. तुम्ही मधेच 'कशावरून?' एवढंच विचारायचं. मग लिहायचं, उतारा न बघता. उतरवायला समोर ओळीच नसतील तर तिला स्वतःचं वाक्य करावंच लागेल. पहिला आठवडा रडेल, रडू दे.

प्रश्न: मॅडम, मी २४ वर्षांचा आहे, राज्यसेवेची तयारी करतोय. ठाणे-वाशी लोकलमध्ये रोज दोन अग्रलेख मोबाईलवर वाचतो पण वाशीला उतरेपर्यंत काही आठवत नाही, आणि सीसॅटचे (पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरचे) उतारे वेळेत होत नाहीत.

उत्तर: अरे, दोन नको, एकच वाच. घणसोलीपर्यंत अग्रलेख संपव, मग फोन खिशात टाक आणि तुर्भे येईपर्यंत मनातल्या मनात सांग, लेखकाचं म्हणणं काय, त्याची कारणं कुठली, आणि त्याने कुठली बाजू घेतलीच नाही. तुर्भ्याला फोन काढून काय सुटलं तेवढंच बघ. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर न बघता आठवून काढणारे पुढे असतात. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाहीये.

सीसॅटला दोन तासात ८० प्रश्न, त्यामुळे घाई होणार हे मान्य, पण प्रश्न आधी वाचून उताऱ्यात शब्द शोधत फिरू नकोस, माझ्या अनुभवात त्याने वेळ जास्त जातो. उतारा एकदा नीट वाच, प्रत्येक परिच्छेदाशेजारी दोन-तीन शब्द खरड आणि मग प्रश्नांकडे जा. सगळ्यात फसवणारा पर्याय चुकीचा नसतो रे, तो खरा असतो पण उताऱ्यात म्हटलेला नसतो, आणि तू पेपर वाचणारा मुलगा असल्यामुळे तुला तो ओळखीचा वाटून पटकन आवडतो. 'फक्त', 'सर्व', 'कधीच नाही' असे शब्द दिसले की थांब, लेखकाने इतकं ठाम म्हटलंय का ते ओळीवर बोट ठेवून बघ. बोट ठेवायला ओळ सापडली नाही आणि दोन ओळी जोडूनही ते निघत नसेल तर तो पर्याय सोड. मागच्या दोन वर्षांचे पेपर काढ आणि फक्त चुकलेल्या उत्तरांवर हे करून बघ, कुठल्या प्रकारात सारखा अडकतोस ते मला लिहून पाठव, पुढच्या अंकात त्यावरच बोलू.