फोनवर भांडू नका, लिहून मागा

कर्ज, कार्ड आणि सिबिल यावर सध्या इतकी पत्रं येतायत की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं आणि खात्याचे तपशील नेहमीसारखे काढून टाकलेत.

प्रश्न : मी लालबागला राहते. आमच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट चाललंय, थोडी जास्तीची जागा घ्यायला लोन हवं होतं तर बँकेने नाही म्हटलं. क्रेडिट रिपोर्ट काढला तर त्यात एक क्रेडिट कार्ड "राइट-ऑफ", म्हणजे वसूल न होणारं देणं म्हणून दिसतंय. २०२३ मध्ये मॉलमधल्या स्टॉलवर फॉर्म भरून घेतला होता, कार्ड घरी आलं पण मी ते कधी सुरूच केलं नाही. वार्षिक फी, तिच्यावर व्याज, लेट फी असं चढत चढत ११ हजार झालेत म्हणे. कस्टमर केअरला फोन करून दमले, दरवेळी नवीन माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. वसुलीवाला म्हणतो ४ हजार द्या, मिटवून टाकू. देऊ का?

उत्तर : ताई, नका देऊ, निदान आत्ता तरी नाहीच. ४ हजार देऊन मिटवलंत की रिपोर्टमध्ये त्या खात्यासमोर "सेटल्ड" येतं, आणि सेटल्ड म्हणजे पुढच्या बँकेला असं दिसतं की या बाईंनी पूर्ण पैसे भरले नाहीत. जे देणं तुमचं नाहीच त्यासाठी पैसेही जाणार आणि डागही राहणार.

तुमची बाजू चांगलीच भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेचे कार्डाचे नियम २०२२ मध्ये आले, त्यात स्पष्ट आहे की ग्राहकाने ३० दिवसांत कार्ड सुरू केलं नाही तर कंपनीने ओटीपी पाठवून संमती मागायची आणि ती मिळाली नाही तर सात कामाच्या दिवसांत, एक पैसा न घेता, खातं बंद करायचं. सुरू न झालेल्या कार्डाची माहिती क्रेडिट ब्युरोला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला, पाठवायचीसुद्धा नाही. म्हणजे तुमच्याकडून ओटीपी घेतल्याची नोंद कंपनीकडे नसेल तर फीही चूक आणि रिपोर्टमधली ओळही चूक.

आता फोन बंद करा आणि लिहा. फोनवर तुम्ही काय बोललात ते त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये राहतं, तुमच्या हातात काहीच राहत नाही. पत्र छोटं ठेवा, मॉलमधला मुलगा कसा गोड बोलला, लोन नाकारल्यावर घरी काय झालं, हे सगळं खरं असलं तरी पत्रात नको, कारण वाचणारा माणूस खाते क्रमांक आणि मागणी शोधत असतो आणि ती दुसऱ्या पानावर असेल तर तुम्हाला छापील उत्तर येतं. साधारण असं लिहा :

"माझ्या नावावरचं कार्ड, शेवटचे चार आकडे अमुक, मी कधीही सुरू केलेलं नाही आणि त्यावर एकही खरेदी केलेली नाही. तरी अमुक तारखेच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये ते राइट-ऑफ दाखवलं आहे. ही रक्कम मला मान्य नाही. कार्ड सुरू करण्यासाठी माझी संमती घेतली असल्यास तिची तारीख व नोंद आणि पहिल्या दिवसापासूनची सर्व स्टेटमेंट द्यावीत. तशी नोंद नसल्यास सर्व आकारणी रद्द करून खातं बंद करावं, सर्व क्रेडिट ब्युरोंकडील नोंद काढावी आणि तसं लेखी कळवावं."

एवढंच. सोबत रिपोर्टच्या त्या पानाची झेरॉक्स जोडा, ती ओळ पेनाने गोल करून. ओरिजिनल काहीही देऊ नका. आधार जोडायला लागलंच तर आकडे झाकलेलं द्या. कार्ड बँकेचं असेल तर शाखेत दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसकट इनवर्डचा शिक्का मागा, "मेल करा ना मॅडम" म्हणून परत पाठवतील तर मेलही करा, पण नोडल ऑफिसरच्या पत्त्यावर, तो वेबसाइटवर खाली तक्रार निवारणाच्या पानावर असतो. आणि पत्र पोस्टाने पण पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात मिसळलंय, तेव्हा काउंटरवर पोच हवी असं सांगूनच द्या.

दुसरं पत्र ब्युरोला. सिबिल हे एकाच ब्युरोचं नाव आहे, आपल्याकडे चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यामुळे आधी चारही काढा, चूक कुठेकुठे पसरलीय ते कळेल. जिथे असेल तिथे वेबसाइटवर डिस्प्यूट टाका, रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर लागेल. एक समजून घ्या, ब्युरो स्वतःहून काही खोडत नाही, तो कंपनीला विचारतो आणि कंपनी हो म्हणाली तरच बदलतो. म्हणून दोन्हीकडे एकाच दिवशी लिहायचं.

आणि तारीख जपून ठेवा, कारण पैसे तिथून मोजतात. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यातले पहिले २१ दिवस कंपनीचे, तिने तेवढ्यात ब्युरोला उत्तर दिलं नाही तर भरपाई तिच्याकडून, नाहीतर ब्युरोकडून. भरपाई जमा व्हायला तुमचा बँक खाते क्रमांक तक्रारीतच द्या. ३० दिवस गेले किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फुकट आहे, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. तिथे पहिलं हेच विचारतात की आधी कंपनीला लेखी कळवलं होतं का, त्याचा पुरावा काय. शिक्का मारलेली ती प्रत इथे कामाला येते.

प्रश्न : कुर्ल्याहून लिहितोय, वय ५८. २०१६ ला पर्सनल लोन घेतलं, २०१८ ला कंपनी बंद पडली आणि हप्ते थांबले. आता वेगळ्याच कंपनीचे फोन येतात, म्हणे तुमचं लोन आम्ही विकत घेतलंय. व्हॉट्सअॅपवर वकिलाची नोटीस आणि अटक वॉरंटची धमकी. मी त्यांना पत्र लिहिणार आहे की पैसे देणं आहे हे मान्य, पण मुदत द्या. मजकूर कसा असावा?

उत्तर : काका, ते पत्र थांबवा. तुमची नियत साफ आहे हे कळतं आणि घेतलेलं फेडावं हेच माझंही मत आहे, पण "मान्य आहे" हा शब्द सहीनिशी लिहिण्याआधी त्याचा अर्थ माहीत हवा. मुदत कायदा १९६३ प्रमाणे अशा कर्जाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. ती मुदत संपायच्या आत तुम्ही लेखी कबुली दिलीत किंवा थोडी रक्कम भरलीत तर तीन वर्षं पुन्हा नव्याने सुरू होतात. मुदत संपल्यावरही "मी फेडीन" असं सही करून लिहून दिलंत तर करार कायद्याने तो नवा करार धरला जाऊ शकतो. फोनवर "टोकन म्हणून हजार तरी टाका" असं जे सांगतात ना, त्या हजाराचं वजन बरंच जास्त असतं. तुमच्या बाबतीत शेवटची तारीख कुठली हे वकिलाकडूनच काढून घ्या, कारण कोविडमधला १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टाने मुदतीच्या हिशोबातून वगळलाय, शिवाय मधल्या काळात कुणी दावा किंवा लवाद लावला होता का तेही बघावं लागेल.

तोवर पत्र हवंच असेल तर फक्त कागद मागणारं लिहा. कर्ज तुमच्या कंपनीकडे आल्याचं हस्तांतरणाचं पत्र द्या, मूळ करार द्या, मुद्दल, व्याज, दंड वेगवेगळा दाखवणारा हिशोब द्या. आणि एक वाक्य नक्की टाका : "हे पत्र म्हणजे कोणत्याही रकमेची कबुली नाही."

अटकेचं म्हणाल तर हप्ता थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी मामला आहे, वॉरंट कोर्ट काढतं, वसुली कंपनी नाही. (चेक बाउन्सची केस वेगळी, तसं खरंच समन्स आलं तर दुर्लक्ष करू नका.) सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला मनाई आहे, नातेवाइकांना छळायलाही. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि त्याचं वेगळं तक्रारपत्र द्या, दोन विषय एका पत्रात नकोत.

पुढे तडजोड करायचं ठरलंच तर आधी लेटरहेडवर पत्र : रक्कम, तारीख, खाते क्रमांक, बाकी काही उरणार नाही असा उल्लेख, आणि ब्युरोला काय कळवणार तेही. पैसे कंपनीच्या खात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. नंतर नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, घेतल्याशिवाय विषय सोडू नका.

प्रश्न : मित्राला पतपेढीच्या कर्जाला जामीन राहिलो, तो गावी निघून गेला आणि वसुलीची नोटीस माझ्या परळच्या पत्त्यावर आली. रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करू का?

उत्तर : तिथे उपयोग नाही, पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. पतपेढीला लिहून कर्जखात्याचा उतारा आणि तुमच्या सहीच्या जामीनपत्राची प्रत मागा, दाद मिळाली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज. पण खोटी आशा देत नाही, कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, ते आधी मित्राच्या मागे लागतील असं नाही. नोटिशीला दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की पगारापर्यंत गोष्ट जाते. तुम्हाला भरावं लागलं तर पावत्या नीट ठेवा, तेवढे पैसे मित्राकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यालाही आजच एक पत्र टाका, गावच्या पत्त्यावर.

प्रश्न : "सिबिल क्लीन, सात दिवसांत" अशी जाहिरात पाहिली, ५ हजार मागतायत. खरं असतं का?

उत्तर : नाही. खरी नोंद कुणीच पुसू शकत नाही, आणि खोटी नोंद काढायचा अर्ज तुम्ही स्वतः फुकट करू शकता. त्यांना पॅन आणि ओटीपी देऊन बसला असाल तर आजच पासवर्ड बदला, रिपोर्ट काढून तुमच्या नावावर नवीन कर्जाची चौकशी झालीय का बघा, आणि काही दिसलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा.