स्प्रिंगचा k (ती किती ताठ आहे ते सांगणारा स्थिरांक) दिलेला नसेल तर दोलनकाल, म्हणजे एका दोलनाला लागणारा वेळ, कसा काढायचा? आणि प्रत्यक्ष मोजला की जास्त का येतो?

तुम्ही लिहिलंय की 200 ग्रॅमचं वजन अडकवल्यावर स्प्रिंग 8 सेंटिमीटर ताणली गेली. k माहीत नाही. प्रयोगात 20 दोलनांना 11.9 सेकंद लागले, आणि सर म्हणतात 11.4 यायला हवे होते.

k आधी हातात असायलाच हवा असं नाही. वजन शांत लटकत असतं तेव्हा स्प्रिंगची वरची ओढ आणि वजनाची खालची ओढ सारखी असते. k × 0.08 = 0.2 × 9.8, म्हणून k = 24.5 न्यूटन प्रति मीटर. हा आकडा T = 2π√(m/k) मध्ये (T म्हणजे दोलनकाल, m म्हणजे वस्तुमान) घातला की 0.57 सेकंद. त्याहून सोपं म्हणजे m/k च्या जागी सरळ 'स्प्रिंग ताणली गेली ती लांबी भागिले g' लिहा (g म्हणजे गुरुत्वीय त्वरण, 9.8): T = 2π√(0.08/9.8). वस्तुमानही नको, नुसत्या पट्टीवर काम भागतं.

(सूत्रात g दिसला म्हणून चंद्रावर दोलनकाल बदलेल असं समजू नका. तिथे हीच स्प्रिंग जेमतेम 1.3 सेंटिमीटर ताणली जाईल. ती लांबी आणि g दोन्ही सारख्याच पटीत कमी, भागाकार तोच.)

आता तुमचा जादा अर्धा सेकंद. मी बरीच वर्षं बारावीची प्रॅक्टिकल्स घेतली, त्यामुळे माझा पहिला संशय कायम मोजणीवर असतो. स्टॉपवॉच दाबताना मुलं 'एक' म्हणतात, म्हणायचं असतं 'शून्य'. मग 'वीस' म्हणेपर्यंत 19 च दोलनं झालेली असतात. पण त्या चुकीने वेळ कमी येतो, 10.8 च्या आसपास. तुमचा तर जास्त आलाय. चुकून 21 मोजली असतील तर मात्र बरोबर 11.9 येतो, तेव्हा एकदा परत मोजाच. वजन 2 सेंटिमीटरच खाली ओढा आणि ते मधल्या जागेवरून जाताना मोजा. टोकाशी ते रेंगाळतं, तिथे नेमका क्षण पकडता येत नाही.

तरीही 11.9 च आले, तर सरांच्या गणितात स्प्रिंग बिनवजनाची धरली आहे, आणि तुमची तशी नाही. वजनाबरोबर स्प्रिंगही हलते, पण सगळी सारखी नाही: वरचा वेढा जागचा हलत नाही, तळचा वजनाच्याच वेगाने जातो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते, आणि 0 ते 1 पर्यंतच्या वर्गांची सरासरी येते एक तृतीयांश. म्हणून m मध्ये स्प्रिंगच्या वस्तुमानाचा तिसरा हिस्सा मिळवायचा. स्प्रिंग 60 ग्रॅमची असेल तर m = 220 ग्रॅम, T = 0.595 सेकंद, वीस दोलनं 11.9. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तिचं वजन करून बघा. माझा अंदाज 60 च्या जवळपासचा आहे.

काटा नसला तरी अडत नाही. 100, 150, 200, 250, 300 ग्रॅम लावून T² आणि m चा आलेख काढा. रेघ शून्यातून जाणार नाही. ती पट्टीने डावीकडे वाढवा. 60 ग्रॅमची स्प्रिंग असेल तर m च्या अक्षाला उणे 20 वर कापेल. मुलं हमखास ही रेघ ओढूनताणून शून्यातून नेतात आणि वर 'प्रायोगिक त्रुटी' असं लिहून मोकळी होतात. मी त्याचे मार्क कापायचो.