पुण्यात मेअखेर जोराचा पाऊस झाला. परसबागेत भेंडी, गवार, दोडक्याचे बी आताच पेरावे का?

नाही, एक-दोन वळवाच्या सरींवर विसंबून बी पेरू नये. वळीव दुपारच्या तापलेल्या हवेतून उभा राहतो, बहुधा संध्याकाळी गडगडाटासह कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक ऊन पडते, त्यामुळे वरची दोन बोटे माती भिजून बी फुगते खरे, पण खाली ओल नसल्याने कोंब सुकून जातो. मोसमी पावसाची खूण गडगडाट नव्हे, तर सलग काही दिवस पश्चिम-नैर्ऋत्येकडून येणारा दमट वारा आणि रात्री-अपरात्रीही पडणाऱ्या संथ सरी. पुण्यात ही स्थिती साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते. खरिपाच्या पेरणीसाठी कृषी विभाग 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबायला सांगतो, आणि तोच दंडक परसबागेलाही चालतो. पर्जन्यमापक नसल्यास खुरप्याने वीतभर खणून तळाची मूठभर माती दाबून पाहावी: तिचा लाडू वळला, तर ओल पुरेशी आहे. मात्र कुंडीत किंवा रोज पाणी देता येईल अशा वाफ्यात पेरणार असाल, तर पावसाची वाट पाहण्याचे कारण नाही. फक्त वळवाच्या माऱ्याने बी उघडे पडू नये म्हणून वर पालापाचोळ्याचा पातळ थर द्यावा.